कराडच्या पुढे फक्त कृष्णाच का?

कोयना बाळा,

काल झोपताना नकाशा घेऊन आलीस आणि म्हणालीस, आई, कराडच्या पुढे कोयना लिहिलेलंच नाहीये, सगळीकडे कृष्णाच, मग मी सहा मिनिटांनी मोठी असून मला संपून जाणाऱ्या नदीचं नाव का दिलंत? मी 'उद्या सांगते' म्हणून लाईट घालवला कारण पटकन उत्तरच सुचेना. आता लिहितेय, वाचताना अडलं तर बाबाला विचार.

जुळ्या मुली आहेत कळल्यावर सगळ्यांनी जोड्या पाठवायला सुरुवात केली. रिया-सिया, सोनल-मोनल असली यमकं मला नकोच होती, एकीला हाक मारली की दोघी ओ देणार. आजीचं ऋद्धी-सिद्धी, त्यावर बाबा म्हणाला दोघींचा नवरा एकच, गणपती, कॅन्सल. (मुलगे असते तर लव-कुश नाहीतर नकुल-सहदेव ठरलेलंच, जुळे म्हटलं की आपल्याकडे डोकं तिकडेच जातं.) पण मी कराडची, माझ्या शाळेतल्या कितीतरी संध्याकाळी प्रीतिसंगमावर भेळ खाण्यात गेल्यात. दोघी नद्या निघतात महाबळेश्वरातनंच, मग आपापल्या खोऱ्यातनं हिंडत येतात आणि कराडला अगदी समोरासमोर भेटून पूर्वेला वळतात. तुम्ही दोघी पोटात एकमेकींना लाथा मारायचात तेव्हा मला तेच आठवायचं.

आजीला कोयना मान्य नव्हतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती परकरी पोर होती, पुढचे कितीतरी दिवस घरात झोपायला घाबरायची. म्हणे कोयना म्हटलं की मला फळीवरनं भांडी पडल्याचा आवाज येतो. आबा शांतपणे म्हणाले, अगं, आणि तुझा मिक्सर कुणाच्या जिवावर फिरतो?

आणि ते खरंच आहे. तुझ्या नकाशात दिसत नाही, पण कोयनेचं सगळं पाणी कृष्णेत जातच नाही. धरणातलं बरंचसं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतनं पश्चिमेला खाली उतरतं, वीज तयार करतं, मग वाशिष्ठी नदीत जाऊन चिपळूणवरनं अरबी समुद्राला मिळतं. कृष्णा जाते बंगालच्या उपसागराला. म्हणजे तू दोन्ही समुद्रांना जातेस, कृष्णाला एकच. (हे तिला लगेच जाऊन सांगू नकोस, निदान जेवण होईपर्यंत तरी.) आणि आपल्या पिट्सबर्गला बघ, पॉइंटवर अलेगेनी आणि मोनोंगहेला भेटतात तर पुढे दोघींचंही नाव नाही, तिसरंच, ओहायो.

राहिलं मोठी-धाकटीचं. ठरलं होतं की पहिली येईल ती कृष्णा. पण आत्याला व्हिसा मिळाला नाही, बारसं व्हिडिओ कॉलवर, पाळणा उसना आणि तोही एकच, दोघींना सारखीच पिवळी टोपडी. बायकांचं गोविंद घ्या गोपाळ घ्या करताना तुमच्या जागा बदलल्या, बाबाने फोन धरला तो धाकटीच्या कानाशी आणि तिकडनं आत्या जोरात, कुर्रर्र, कृष्णा! मी घुगऱ्यांचं पातेलं ठेवून धावत येईपर्यंत तुझ्याही कानात कोयना म्हणून झालं होतं. बदलूया का म्हटलं तर आबा म्हणाले, कानात गेलं ते गेलं.

तेव्हा भांडायचंच असेल तर बाबाशी भांड, माझ्याशी नाही.

आई