फ्लॅट तारण ठेवण्याआधी पॉलिसीचं पहिलं पान वाचा

वाचकाचं पत्र (थोडक्यात): मी इंदूरला राजेंद्र नगरात राहतो. वय ५५. पिथमपूरच्या एका औषध कंपनीत क्वालिटी विभागात आहे, हातात ९५,००० येतात, ५८ ला निवृत्ती. मधुमेह आहे, पण आटोक्यात. पत्नी शाळेत शिकवते, तिला २२,००० मिळतात. घरखर्च ४५,०००. एकुलती एक मुलगी २३ वर्षांची. कॉलेजात एकांकिका लिहायची, आता तिला सिनेमा आणि टीव्हीसाठी पटकथा लिहायचं रीतसर शिक्षण घ्यायचं आहे. लंडनजवळच्या एका विद्यापीठात एक वर्षाच्या एम.ए.ला तिला प्रवेश मिळाला आहे. फी २४,००० पौंड. माझी एफडी २२ लाख, पीएफ ३४ लाख, फ्लॅट स्वतःचा, किंमत ६० लाखांच्या आसपास. फ्लॅट तारण ठेवून ४० लाखांचं कर्ज घेऊ, की एफडी मोडून कर्ज कमी करू? कन्सल्टंट म्हणतात, शिकताना आठवड्याला २० तास काम करून खर्च निघेल आणि नंतर ओटीटीत नोकरी लागेल. माझ्या म्हातारपणाची चिंता नाही. बँकेतल्या आरएमनी (रिलेशनशिप मॅनेजरनी) ३ वर्षांपूर्वी एक चाइल्ड प्लॅन करून दिला आहे. दर एप्रिलला ४ लाख ८० हजार, १० वर्षं भरायचे, २० व्या वर्षी १ कोटी. त्याला मात्र हात लावायचा नाही. ३० एप्रिलपर्यंत विद्यापीठाला ४,००० पौंड अनामत भरायची आहे, म्हणून लवकर कळवा.

---

नमस्कार.

प्रश्न तुम्ही कर्जाचा विचारलात आणि हात लावायला मनाई केलीत पॉलिसीला. म्हणून मी आधी पॉलिसीलाच हात लावला. तुमच्याकडून तिच्या पहिल्या पानाचे आणि लाभ-तक्त्याचे फोटो मागवले, ते शनिवारी मिळाले. लंडनचं नंतर बोलू.

पहिल्या पानावर 'विमाधारक' आणि 'प्रस्तावक' (म्हणजे पॉलिसी घेणारा, तिचा मालक) अशा दोन चौकटी आहेत. दोन्हींत तुमच्या मुलीचं नाव आहे. पॉलिसी घेतली तेव्हा ती २० वर्षांची, म्हणजे कायद्याने सज्ञान होती. सही तिची, खातं तुमचं. ज्या १ कोटीवर तुम्ही म्हातारपण टेकवून बसला आहात, ते कागदोपत्री तुमचे नाहीतच. मुलगी गुणी आहे, ती देईलही, पण तेव्हा ती ४० वर्षांची असेल, तिचा संसार असेल, आणि तुम्ही तिच्याकडे तुमचेच पैसे मागत असाल.

विमा म्हणून पाहिलं तरी हे उलटं आहे. घरात कमावणारे तुम्ही. उद्या तुम्हाला काही झालं तर या पॉलिसीतून एक रुपया मिळणार नाही. उलट पुढचा हप्ता कोण भरणार हा प्रश्न तुमच्या पत्नीपुढे उभा राहील. हप्ता माफ होण्याची सोय त्यात घेतलेली नाही, मी दोनदा पाहिलं. मग मुलीच्या नावाने का दिली? कारण सोपं आहे. ५२ वर्षांच्या मधुमेही माणसाची वैद्यकीय तपासणी निघाली असती, विमा महाग पडला असता किंवा प्रस्तावच अडकला असता. २० वर्षांच्या मुलीचा कागद एका दुपारी पुढे सरकतो आणि महिनाअखेरचं टार्गेट पूर्ण होतं. हप्त्याचा आकडाही सहज आलेला नाही. १ एप्रिल २०२३ नंतरच्या पॉलिसींचा वर्षाचा हप्ता ५ लाखांच्या वर गेला की मुदतपूर्तीची रक्कम करपात्र होते. म्हणून ४ लाख ८० हजार. करमुक्तीची गोष्ट विकता यावी यासाठी काळजी घेतलेली दिसते. तुम्हाला हा हप्ता परवडतो का, याची काळजी मात्र कोणी घेतलेली दिसत नाही.

आता तो १ कोटी. लाभ-तक्त्यात दोन रकाने असतात, एक ८ टक्के परतावा गृहीत धरून आणि दुसरा ४ टक्के. १ कोटी २ लाख हा आकडा पहिल्या रकान्यातला आहे, त्याची हमी नाही. दुसऱ्या रकान्यात ६१ लाख लिहिलेत, त्याकडे आरएम साहेबांचं बोट गेलं नसणार. १० वर्षांत तुम्ही ४८ लाख भरणार. २० व्या वर्षी १ कोटी मिळाले तर वर्षाला पाच टक्क्यांच्या आत परतावा पडतो. ६१ लाख मिळाले तर जेमतेम दीड टक्का. तुमचा पीएफ सव्वाआठ टक्के देतोय, साधी एफडीसुद्धा याहून पुढे आहे.

आणि मुदत संपते २०४३ मध्ये. तेव्हा तुम्ही ७२ वर्षांचे. ५८ ते ७२ ही चौदा वर्षं कशावर काढायची, हे त्या तक्त्यात कुठेच नाही. त्याहून वाईट म्हणजे उरलेल्या सातपैकी चार हप्ते निवृत्तीनंतर भरायचे आहेत, पगार नसताना, जवळजवळ १९ लाख. तुम्ही लिहिलंय की आरएम साहेब आता घरच्यासारखे झालेत, रविवारी पोहे-जलेबी खायला येतात. येऊ देत. पुढच्या रविवारी पोहे खाताना त्यांना एवढंच विचारा, की २०२९ चा हप्ता मी कशातून भरू?

काय करायचं? तीन हप्ते भरून झाले आहेत, म्हणजे १४ लाख ४० हजार गेले. चौथा भरू नका. मग दोन वाटा उरतात. पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता पॉलिसी तशीच ठेवली, तर विम्याची रक्कम ४८ लाखांवरून ३/१० होईल, म्हणजे १४ लाखांच्या आसपास अधिक जमलेला बोनस, आणि तो मिळेल २०४३ मध्ये. सरेंडर केली, म्हणजे पॉलिसी मोडून पैसे परत घेतले, तर आज हमीचे भरलेल्याच्या ३५ टक्के, म्हणजे ५ लाख, कदाचित कंपनीच्या विशेष सरेंडर मूल्याने थोडे जास्त. ते ५ लाख १७ वर्षं ७ टक्क्यांनी ठेवले तर साडेपंधरा-सोळा लाख होतात. म्हणजे दोन्ही हिशेब आसपासच येतात. कंपनीकडून दोन्ही आकडे लेखी मागवा. जमलेला बोनस अगदीच भरघोस नसेल तर माझं मत सरेंडरकडे आहे, कारण तुमच्या घराला आज पैसे हवेत, २०४३ मध्ये नव्हे. नऊ-साडेनऊ लाखांचं नुकसान होईल, ते गिळायला जड आहे. पण 'एवढे भरलेत तर आता पूर्णच करू' म्हणून आणखी ३३ लाख ६० हजार भरणं म्हणजे चुकीच्या गाडीत बसल्यावर तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून रतलामऐवजी खांडव्यापर्यंत जाणं.

आता लंडन. पौंड १२० रुपये धरला तर फी २९ लाख, राहणं-खाणं १६-१७ लाख, व्हिसा, आरोग्य अधिभार, तिकीट मिळून ३ लाख. ४८ लाख. त्यातले ४० कर्ज, साडेदहा टक्क्यांनी. शिक्षणाचं एक वर्ष आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चालू असतं, ते ८ लाख. म्हणजे २०२८ च्या शेवटी ४८ लाखांवर हप्ता सुरू होणार, १५ वर्षांची मुदत घेतली तरी महिन्याला ५३,०००. त्यानंतर काही महिन्यांत तुमची निवृत्ती.

तेव्हा पीएफ वाढून ५० लाख झालेला असेल, एफडी २२, एकूण ७२. सात टक्क्यांनी वर्षाला ५ लाख व्याज, म्हणजे तुमचा घरखर्च कसाबसा. त्यातून कर्जाचा हप्ता ६ लाख ३६ हजार आणि ती पॉलिसीही चालू ठेवलीत तर आणखी ४ लाख ८० हजार. पत्नीचा पगार बाजूला ठेवला तर पाच-सहा वर्षांत सगळी पुंजी संपते आणि फ्लॅट बँकेकडेच असतो. एफडी मोडून कर्ज कमी करा किंवा करू नका, या चित्रात फरक पडत नाही. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: दोन्हीही नको.

'हप्ता मुलगी भरेल' असं तुम्ही मनात म्हणाल. इथे कन्सल्टंटने तुम्हाला जे सांगितलंय त्याचा राग येतो. ओटीटीत लेखकाला 'नोकरी' नसते. करार असतो, आणि पैसे टप्प्यांनी येतात: सही करताना थोडे, कथाविस्तार मान्य झाला की थोडे, पहिला खर्डा, दुसरा खर्डा. प्रकल्प मधेच बारगळला की पुढचे टप्पे येतच नाहीत. मालिकांत कथा, पटकथा आणि संवाद लिहिणारे बहुधा वेगवेगळे, पैसे भागामागे, आणि हातात यायला ९० दिवस लागणं ही रीतच आहे. दोन-तीन वर्षांत नाव झालं तर बरं चालतं. पण दर महिन्याच्या ५ तारखेला ५३,००० कापले जातील असं हे उत्पन्न नव्हे. एक चुकलेला हप्ता तुमच्या घरावर चढतो, तिच्या नव्हे.

ते २० तासांचं गणितही अर्धवट आहे. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर शिकवणीच्या दिवसांत आठवड्याला २० तास काम करता येतं, पण स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. म्हणजे दुकानात किंवा कॅफेत उभं राहता येईल. फ्रीलान्स लिहून पैसे मात्र घेता येणार नाहीत, आणि लेखकाचं काम बहुतेक तेच असतं. शिक्षण झाल्यावर तिथे राहायची मुभा आजवर २ वर्षं होती. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या एम.ए.वाल्यांना ती १८ महिनेच मिळणार. तिचा अर्ज त्यानंतरचाच असेल. १८ महिन्यांत परक्या देशातल्या निर्मात्यांच्या दारापर्यंत पोचायचं, तेही इंग्रजीत लिहून.

तिच्या एकांकिकेचे दोन प्रवेश तुम्ही सोबत पाठवलेत, वाचले. मला नाटकातलं फार कळत नाही, इंदूरच्या 'सानंद' संस्थेचे नाट्यप्रयोग पाहतो एवढंच. पण छत्रीबागेतल्या दोन म्हाताऱ्या भाडं वाढवण्यावरून ज्या मराठीत भांडतात, अर्धी हिंदी, मधेच माळवी शिवी, ते वाचून मी हसलो. ही भाषा तिची मालमत्ता आहे. तिला गिऱ्हाईक मुंबईत मिळेल, लंडनला नाही.

म्हणून शिक्षण जरूर घ्यावं, फक्त कर्ज काढून नको. पुण्याला एफटीआयआय, म्हणजे १९६० मध्ये प्रभातच्या स्टुडिओत सुरू झालेली संस्था, चित्रपट, टीव्ही आणि वेब मालिकांसाठी पटकथालेखनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवते. प्रवेश परीक्षा कठीण, जागा मोजक्या, पण सरकारी संस्था आहे आणि फी लंडनच्या पासंगालाही पुरणार नाही. कोलकात्याची सत्यजित राय संस्थाही आहे. पुण्यात दोन वर्षं धरली तरी त्या बंद केलेल्या हप्त्यांतून सगळं भागून काही शिल्लक पडावी. प्रवेश नाहीच मिळाला तर तेच महिन्याचे ४०,००० घेऊन तिने दोन वर्षं मुंबईत गोरेगाव-मालाडकडे दोघी-तिघींत खोली घेऊन राहावं, कोणा लेखकाकडे मदतनीस म्हणून लागावं, स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घेऊन आपल्या संहिता तिथे नोंदवाव्यात, एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) पटकथा लॅबला अर्ज करावा. दोन वर्षांचा कामाचा अनुभव झाला की ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला अर्ज करता येतो. तीत एक वर्षाच्या एम.ए.ची फी आणि राहण्याचा खर्च मिळतो, अट एवढीच की नंतर दोन वर्षं मायदेशी परतायचं. तिला परतायचंच आहे. तेव्हा लंडनला अवश्य पाठवा, स्टेशनवर हार घेऊन मीही येईन.

विद्यापीठाला आजच ईमेल करून प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येईल का ते विचारा. अनामत भरून मग विचारू नका. व्हिसा नाकारला तर ती बहुधा परत मिळते, तुमचं मन बदललं तर बहुधा नाही. आणि कन्सल्टंट तुमच्याकडून पैसे घेत नाही याचं तुम्हाला कौतुक वाटतंय, तर त्याला विद्यापीठाकडून किती मिळतात हेही विचारा.

एक गोष्ट तुम्ही विचारलीच नाहीत आणि ती लांबवून चालणार नाही. कंपनीचा मेडिक्लेम ५८ ला बंद होईल. तुम्हाला मधुमेह आहे. आधीपासूनच्या आजारासाठी आरोग्य विम्यात जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं. तुमच्या निवृत्तीलाही ३ वर्षंच आहेत. तुम्हा दोघांचा १० लाखांचा विमा या महिन्यात घेतलात तर ती वाट पाहण्याची मुदत कंपनीच्या छत्राखालीच संपून जाईल. पुढच्या वर्षी घेतलात तर एक वर्ष उघड्यावर. अर्जात मधुमेह लपवू नका, कोणी 'लिहायची गरज नाही' म्हणालं तरी. वैयक्तिक आरोग्य विम्यावर आता जीएसटीही नाही.

पॉलिसीचा हप्ता १२ एप्रिलला तुमच्या खात्यातून आपोआप कापला जातो, असं स्टेटमेंटवरून दिसतं. एकदा कापला गेला की पुढचं सगळं एक वर्ष लांबतं, म्हणून ऑटो-डेबिट बंद करायचा अर्ज त्याआधी किमान चार-पाच दिवस बँकेत द्या आणि पोच घ्या. खातं तुमचं, त्यामुळे त्यावर तुमची सही चालेल. सरेंडरच्या अर्जावर मुलीची लागेल, तेव्हा तिला सोबत न्या. तक्त्यातला ४ टक्क्यांचा रकाना तिलाही दाखवा.