मधुमेहामुळे ताठरता टिकत नसेल तर नैसर्गिक उपाय कोणते?

तुमचे वय ४६, मधुमेह ९ वर्षांचा, गेल्या वर्षभरापासून संबंधाच्या वेळी लिंगाची ताठरता टिकत नाही आणि गोळ्या न घेता एखादा नैसर्गिक उपाय हवा आहे, असा तुमचा प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही; पण ही तक्रार मी स्वतः भोगली आहे आणि तिच्यावर बरेच पैसे चुकीच्या ठिकाणी खर्चही केले आहेत.

आमच्या बाजाराच्या गावातील एका दुकानातून मी 'शंभर टक्के वनौषधी' म्हणून विकली जाणारी पुडी आणली होती. पुडीवर ना घटकांची यादी होती, ना बनवणाऱ्याचे नाव. ती घेतल्यावर तासाभरात गुण आला, पण त्याबरोबर चेहरा तापला, नाक चोंदले आणि डोके ठणकू लागले. पुढे डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची गोळी घेता का?" ही सारी लक्षणे सिल्डेनाफिलची (ताठरतेसाठी डॉक्टर लिहून देतात ते औषध, म्हणजे व्हायग्रातले) असू शकतात आणि अशा चूर्णांत ते गुपचूप मिसळलेले अनेकदा सापडले आहे, असे त्यांनी समजावले. जिभेखालच्या त्या गोळीबरोबर, म्हणजे नायट्रेटबरोबर, ते पोटात गेले तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका उतरू शकतो. रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर 'गुप्तरोग, मधुमेह, खात्रीशीर इलाज' असे रंगवलेले असते. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी भिंती काही कोऱ्या राहत नाहीत.

आता मूळ कारणाकडे वळू. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर आणि बारीक मज्जातंतू दोन्ही खराब होतात, त्यामुळे लिंगात रक्त भरण्याची क्रिया मंदावते. तेथील धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असल्याने बिघाड बहुधा तेथे आधी जाणवतो. म्हणून या तक्रारीबरोबर हृदयाची तपासणीही करून घ्यावी.

खऱ्या अर्थाने नैसर्गिक म्हणता येतील असे उपाय कंटाळवाणे आहेत: साखर आटोक्यात ठेवणे, पोटाचा घेर उतरवणे, तंबाखू, गुटखा आणि सिगारेट पूर्ण सोडणे, दारू कमी करणे, पुरेशी झोप आणि आठवड्यातून किमान १५० मिनिटे झपझप चालणे. इटलीत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहार आणि व्यायामाने वजन उतरवलेल्या लठ्ठ पुरुषांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांची ही क्षमता दोन वर्षांत पूर्ववत झाली. त्यांना मधुमेह नव्हता, हे मात्र लक्षात ठेवावे. मज्जातंतूंची हानी जुनी असेल तर इतकी आशा धरू नये. माझ्या बाबतीत पाच-सहा महिन्यांच्या चालण्याने निम्मा फरक पडला आणि उरलेल्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी लागली. त्यात मला आता कमीपणा वाटत नाही.

मेथी आणि कारले साखर थोडीफार उतरवतात, पण इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगूनच त्यांचे प्रमाण वाढवावे. अश्वगंधेने काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि अशुद्ध शिलाजितात शिसे किंवा पारा असू शकतो.

अपत्य हवे असेल आणि वीर्य फार कमी किंवा अजिबात बाहेर येत नसेल, तर ते उलट मूत्राशयात जात असण्याची शक्यता आहे. संबंधानंतरची लघवी गढूळ दिसते आणि तिची तपासणी करून निदान होते. चूर्णाने ते सुधारत नाही.

सकाळच्या वेळी टेस्टोस्टेरॉनची (पुरुषी संप्रेरकाची) तपासणी करून घ्या, आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षे चालू असेल तर बी-१२ या जीवनसत्त्वाचीही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ताठरता कमी होते. तेव्हा सध्याच्या सर्व औषधांची यादी बरोबर न्या, मात्र कोणतीही गोळी परस्पर बंद करू नका. समोर बसून बोलताना जीभ अडखळणार असेल तर 'ताठरता टिकत नाही, एक वर्ष' एवढे चिठ्ठीवर लिहून फाइलवर टाचून द्या. मी तसेच केले होते.