पुण्यात ल्यूकच्या लाइटसेबरचे मूळ सुटे भाग मिळतील का?

काही मिळतील, मूठ मात्र अवघड. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातल्या ल्यूकच्या त्या प्रकाशाच्या तलवारीची मूठ म्हणजे ग्राफ्लेक्स या अमेरिकी प्रेस कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा, तीन सेल मावणारा दांडा. तो इथे क्वचितच दिसतो. सरळ चांगली प्रतिकृती घ्या. मुठीभोवतीच्या धातूच्या पट्ट्यात (क्लॅम्पमध्ये) बसवलेली फुगीर, पारदर्शक पट्टी मात्र जुन्या एलईडी कॅल्क्युलेटरमधली आहे. बारीक लाल आकडे मोठे दिसावेत म्हणून त्यावर ओळीने भिंगं असायची. असा बंद पडलेला कॅल्क्युलेटर जुन्या बाजारात शोधा, बुधवारी किंवा रविवारी. एलसीडीवाला नको, त्यात भिंगं नसतात. आणि खरा ग्राफ्लेक्स हाती लागलाच, तर कृपा करून त्याला भोकं पाडू नका! पकडीसाठीच्या काळ्या पट्ट्या दुहेरी टेपनेही छान बसतात.