कोड तोच, लॅपटॉप नवा, आणि विहिरी थेट नॉर्वेच्या समुद्रात. बग नेमका कुठे आहे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. साताऱ्याजवळच्या विहिरींचे जीपीएस पॉइंट तुमच्याकडे यूटीएममध्ये (पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे करून मीटरमध्ये जागा सांगणारी पद्धत) येतात. पायथनची स्क्रिप्ट ते अक्षांश-रेखांशात बदलून पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये भरते आणि नकाशा ब्राउझरमध्ये लीफलेट या लायब्ररीवर दिसतो. लॅपटॉप बदलून सगळं नव्याने इन्स्टॉल केलं, कोडची एक ओळही बदलली नाही, तरी नकाशा रिकामा. झूम आउट केल्यावर ठिपके नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात सापडले. शिवाय शेताचं क्षेत्र मोजणीपेक्षा दर वेळी दहा-अकरा टक्के जास्त येतं, आणि मधूनच टर्मिनलवर प्रोज डॉट डीबीची एरर येते. हा जीडॅलचा, म्हणजे नकाशाचा डेटा वाचणाऱ्या-बदलणाऱ्या लायब्ररीचा, बग आहे का, असं तुम्ही विचारलंय.

पहिल्या दोन गोष्टी बग नाहीत. तिसरी तुमच्या मशीनवरच्या इन्स्टॉलेशनची भानगड आहे. पण नुसतं एवढं सांगून उपयोग नाही, कारण पुढच्या महिन्यात ठिपके तिसरीकडेच गेले तर तुम्ही पुन्हा इथेच अडकाल. म्हणून मी स्वतः ज्या क्रमाने शोधतो तो सांगतो. नकाशात चूक दिसली की कोडला हात लावायच्या आधी ती चूक मोजायची. किती अंतराची, कोणत्या दिशेला, आणि सगळ्या पॉइंटना सारखीच का. बहुतेक वेळा तो आकडाच कारण सांगतो.

तुमच्या विहिरींपासून सुरुवात करू. सातारा साधारण १७.६८ उत्तर आणि ७४.०० पूर्व. आता हे दोन आकडे उलटे करून बघा: ७४ उत्तर, १७.६८ पूर्व. हे ठिकाण नॉर्वेची मुख्य भूमी आणि स्वालबार्ड यांच्या मधल्या समुद्रात येतं. म्हणजे अक्षांश आणि रेखांशाची अदलाबदल झाली आहे, दुसरं काही नाही. भारतातला बहुतेक डेटा असा उलटला की उत्तरेकडे वरच कुठेतरी जाऊन पडतो, हे एकदा लक्षात ठेवलं की पुढच्या वेळी पाच सेकंदांत ओळखाल. ठिपके आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात, शून्य-शून्यावर गोळा झाले असते तर कारण वेगळं असतं: एक तर पॉइंट रिकामे आहेत, नाहीतर अंशातले आकडे मीटर समजून वाचले गेलेत.

कोड न बदलता अदलाबदल कशी झाली? जीडॅलची ३.० आवृत्ती मे २०१९ मध्ये आली, त्याच्या थोडं आधी प्रोज ६ (जीडॅल ज्याच्या आधारे आकडे बदलतं ती लायब्ररी) आलं होतं. अंशातल्या अक्षांश-रेखांशाच्या पद्धतीला ईपीएसजीच्या यादीत ४३२६ हा क्रमांक आहे; तिच्या अधिकृत व्याख्येत अक्षांश आधी आणि रेखांश नंतर आहे. जुनं जीडॅल तिकडे दुर्लक्ष करून रेखांश आधी द्यायचं. ३.० पासून ते व्याख्येप्रमाणे वागतं. तुमच्या जुन्या लॅपटॉपवर जीडॅल २ असणार. तिथे स्क्रिप्टला ७४.००, १७.६८ मिळत होतं, आता १७.६८, ७४.०० मिळतं, आणि तुम्ही ते तसंच पोस्टजीआयएसच्या पॉइंट बनवणाऱ्या एसटी-मेकपॉइंट फंक्शनला देता. पोस्टजीआयएस मात्र अजूनही एक्स म्हणजे रेखांश असंच धरतं.

इथे एक कळकळीची विनंती: कोडमध्ये एक्स आणि वाय हाताने उलटे करून मोकळे होऊ नका. आज नकाशा बरोबर दिसेल, पण तीच स्क्रिप्ट एखाद्या जुन्या सर्व्हरवर चालली की विहिरी परत समुद्रात. जीडॅलच्या स्पेशियल रेफरन्सला सेट-ॲक्सिस-मॅपिंग-स्ट्रॅटेजी वापरून ‘ट्रॅडिशनल जीआयएस ऑर्डर’ स्पष्ट सांगा, तीही स्रोत आणि लक्ष्य अशा दोन्ही बाजूंना. पायप्रोज (पायथनमधून प्रोज वापरायचं पॅकेज) वापरत असाल तर ट्रान्सफॉर्मर बनवताना ऑलवेज-एक्सवाय ट्रू ठेवा. तुम्ही कोणता क्रम धरलाय हे कोड वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे.

लीफलेटमध्येही हाच सापळा आहे. जिओजेसन या नकाशा-डेटाच्या फॉरमॅटमध्ये रेखांश आधी असतो, २०१६ च्या आरएफसी ७९४६ या मानकात तसं लिहिलेलंच आहे. लीफलेटच्या मार्करला मात्र अक्षांश आधी लागतो. जिओजेसन लेयर ही अदलाबदल स्वतः करतो, मार्कर करत नाही. त्यामुळे डेटाबेसमध्ये उलटे पडलेले पॉइंट ब्राउझरमध्ये परत उलटले की नकाशा अगदी छान दिसतो, आणि दोन चुका एकमेकींना झाकून वर्षानुवर्षं तशाच राहतात. म्हणून तपासताना नकाशाकडे बघूच नका. तुम्ही स्वतः उभे राहिलेली एक विहीर घ्या आणि तिचे आकडे प्रत्येक टप्प्यावर छापा: मूळ फाइलमध्ये, ट्रान्सफॉर्मनंतर, डेटाबेसमध्ये (एसटी-एक्स, एसटी-वाय आणि पद्धतीचा क्रमांक सांगणारं एसटी-एसआरआयडी तिन्ही), आणि शेवटी ब्राउझरला मिळालेल्या जिओजेसनमध्ये. ज्या दोन टप्प्यांमध्ये आकडा बिघडला, चूक तिथेच. कमांड लाइनवर तपासत असाल तर एवढं सांभाळा: जीडॅलट्रान्सफॉर्मला ४३२६ साठी रेखांश आधी लागतो, तर नव्या प्रोजमधल्या सीएस-टू-सीएसला अक्षांश आधी.

मोजण्याची सवय मला एका कामातून लागली. यवतमाळ जिल्ह्यातल्या शेततळ्यांचा नकाशा आम्ही करत होतो. अर्धी तळी जागेवर, आणि पुसद भागातली सगळी ओडिशात, कालाहंडीच्या आसपास. दोन दिवस आम्ही पोस्टजीआयएसची आवृत्ती खाली-वर करत बसलो. शेवटी एका तळ्याची खरी जागा आणि नकाशावरची जागा यांच्यातलं अंतर मोजलं, ते सव्वासहाशे किलोमीटरच्या जरा वर भरलं. रेखांशातला फरक बघितला तर नेमका सहा अंश. सहा अंश म्हणजे यूटीएमचा एक झोन! ७८ पूर्व ही झोन ४३ आणि ४४ यांची हद्द यवतमाळ जिल्ह्यातूनच जाते. पुसदकडे फिरणाऱ्या सर्व्हेअरच्या यंत्राने ४३ लावला होता, यवतमाळकडच्या यंत्राने ४४, आणि एक्सेलमध्ये याद्या एकत्र करताना आम्ही सगळ्यांना ४४ ची पाटी लावली. कुठल्याही सॉफ्टवेअरचा दोष नव्हता. त्यानंतर आम्ही प्रत्येक ओळीत झोनचा वेगळा कॉलम ठेवायला लागलो. तुमचं काम साताऱ्यापुरतं आहे तोवर झोन ४३, म्हणजे ईपीएसजी ३२६४३, एवढंच पुरेल. वर्धा-नागपूरकडे गेलात की ३२६४४ लागेल.

आता क्षेत्र. तुम्ही ते ३८५७ मध्ये, म्हणजे वेब मर्केटरमध्ये मोजताय. नकाशाच्या टाइल्स दाखवायला ते प्रोजेक्शन ठीक आहे, पण विषुववृत्तापासून जसजसं दूर जाल तसतसं ते जमीन फुगवतं. साताऱ्याच्या अक्षांशाला लांबी सुमारे पाच टक्के वाढते, म्हणून क्षेत्र दहा-अकरा टक्के वाढतं: ४० गुंठ्यांचा एकर ४४ गुंठ्यांच्या वर जातो. नागपूरला तोच एकर ४६ च्या वर दिसेल. फरक दर वेळी एकाच प्रमाणात येतो, हीच याची खूण. उपाय सोपा आहे. भूमिती जिऑग्राफी टाइपमध्ये (गोल पृथ्वीवरच मोजणाऱ्या) बदलून एसटी-एरिया काढा, किंवा आधी ३२६४३ मध्ये ट्रान्सफॉर्म करा. बदलायला एसटी-ट्रान्सफॉर्मच वापरा, एसटी-सेटएसआरआयडी नाही. सेटएसआरआयडी फक्त पाटी बदलतं, आकडे तेच राहतात. क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रोग्राममधल्या ‘सेट लेयर सीआरएस’ आणि ‘रिप्रोजेक्ट लेयर’ यांच्यातही हाच फरक आहे, आणि मी निस्तरलेल्या निम्म्याअधिक घोळांचं मूळ याच दोन बटणांत होतं.

पुढे तुम्ही जुन्या टोपोशीटवरून विहिरी डिजिटाइझ केल्यात तर आणखी एक चूक भेटेल: सगळं काही एकाच दिशेला शे-दीडशे मीटर सरकलेलं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या शीट एव्हरेस्ट गोलाभावर आहेत, तुमचं जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर; म्हणजे दोघांनी पृथ्वीचा आकार आणि मोजणीचा पाया (डेटम) वेगळा धरलाय. २००५ च्या नॅशनल मॅप पॉलिसीनंतरच्या ओपन सीरीज मॅपना हा त्रास नाही, त्या डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत. पॉइंट जर पाच-दहा मीटर इकडे-तिकडे, वेगवेगळ्या दिशांना विखुरले असतील तर तो डेटमचा प्रश्न नाही. ते यंत्राचं किंवा मागच्या उपग्रहचित्राचं आहे.

राहिलं प्रोज डॉट डीबी. प्रोज ६ पासून सगळ्या ईपीएसजी व्याख्या या एका एसक्यूलाइट फाइलमध्ये असतात. पोस्टजीआयएस, क्यूजीआयएस आणि पायथनची पॅकेजेस प्रत्येकी आपापली प्रत घेऊन येतात, आणि त्या एकाच आवृत्तीच्या असतीलच असं नाही. विंडोजवर प्रोज-लिब (नव्या आवृत्तीत प्रोज-डेटा) हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सिस्टिममध्ये सेट झालं की सगळे प्रोग्राम त्या एकाच फोल्डरकडे जातात, आणि नव्या प्रोजला जुनी फाइल मिळाली की ते ‘लेआउट व्हर्जन’ जुळत नाही म्हणून तक्रार करतं. आधी ते व्हेरिएबल कुठे बोट दाखवतंय ते बघा. सिस्टिम पातळीवरून काढून टाका, टर्मिनल बंद करून नव्याने उघडा आणि स्क्रिप्ट चालवा. पायथनसाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट ठेवा, आणि जीडॅल, पायप्रोज, रास्टेरिओ एकाच ठिकाणाहून घ्या. अर्धं पिपने आणि अर्धं कोंडाने घेतलं की ही एरर परत येते.

हे सगळं करूनही एखादा आकडा चुकीचाच राहिला, तर खरा बग असू शकतो. असे बग असतात, आणि ते कळवलेच पाहिजेत, कारण ही टूल्स जगभरातले लोक मिळून सांभाळतात. पण कळवताना तुमचा अख्खा प्रोजेक्ट पाठवू नका. स्वच्छ एन्व्हायर्नमेंटमध्ये नवीनतम आवृत्ती टाकून आधी बघा. तरी आला तर एकच पॉइंट, एकच कमांड, काय अपेक्षित होतं आणि काय आलं एवढं लिहा, सोबत पोस्टजीआयएस-फुल-व्हर्जनचं आउटपुट जसंच्या तसं जोडा. त्यात प्रोज आणि जिऑस (भूमितीची लायब्ररी) यांच्या आवृत्त्याही येतात, आणि बग कळवाल तिथे तुम्हाला पहिल्यांदा विचारतील ते त्याच.