वाचकांचे प्रश्न : कोरियाचे अडलेले युद्ध

प्रश्न : उत्तर आणि दक्षिण कोरियाची सीमा म्हणजे ३८ वे अक्षवृत्त, असे शाळेत शिकलो. पण नकाशात रेषा तिरकी दिसते. चूक कोणाची? (सांगली)

नकाशा बरोबर आहे. ३८ अंशांची रेषा ऑगस्ट १९४५ मधली. जपान्यांची शरणागती उत्तरेत रशियनांनी आणि दक्षिणेत अमेरिकनांनी घ्यावी, एवढ्यापुरतीच दोन अमेरिकी कर्नलांनी ती घाईघाईने आखली होती. आजची रेषा १९५०-५३ च्या कोरियन युद्धाअखेरची, २७ जुलै १९५३ च्या शस्त्रसंधीची. शेवटी सैन्ये जिथे समोरासमोर उभी होती, तीच रेषा झाली. पश्चिमेला ती ३८ अंशांच्या खाली उतरते आणि पूर्वेला बरीच वर चढते. त्यामुळे युद्धाआधी दक्षिणेत असलेले केसाँग उत्तरेला गेले आणि उत्तरेतले सोकचो दक्षिणेला मिळाले. सुमारे २५० किलोमीटरच्या या रेषेवर कुंपण नाही, १,२९२ पाट्या आहेत. काटेरी कुंपणे लागतात ती दोन-दोन किलोमीटर मागे, निर्लष्करी पट्ट्याच्या कडेला.

प्रश्न : १९५१ च्या मध्यानंतर आघाडी फारशी सरकलीच नाही. मग युद्ध आणखी दोन वर्षे कशासाठी चालले? (पुणे)

मुख्यतः कैद्यांसाठी. एका बाजूला उत्तर कोरिया आणि चीन, दुसऱ्या बाजूला दक्षिण कोरिया आणि अमेरिकेच्या नेतृत्वाखालची संयुक्त राष्ट्रांची फौज. पहिल्या नऊ महिन्यांत दक्षिणेची राजधानी सोल चार वेळा हातपालट झाले. १९५१ च्या उन्हाळ्यापर्यंत दोन्ही बाजू खंदकांत रुतल्या आणि १० जुलैला केसाँगमध्ये बोलणी सुरू झाली. २७ नोव्हेंबरला रेषाही ठरली, पण त्यात एक पाचर होती: ३० दिवसांत बाकीचे मुद्दे मिटले तरच ती पक्की, नाहीतर करारावर सही होईल त्या वेळची आघाडी धरायची. ३० दिवस उलटले, आणि एकेका टेकडीला पुन्हा किंमत आली. 'अमुक टेकडीसाठी हजारो मेले' असे वाचताना हे कलम लक्षात ठेवावे.

अडले ते युद्धबंद्यांवर. १९४९ च्या जिनिव्हा कराराचे ११८ वे कलम सांगते की लढाई थांबताच कैदी परत करा. चीन आणि उत्तर कोरियाने तेच धरून ठेवले. अमेरिकेचे म्हणणे, ज्याला जायचे नाही त्याला ढकलणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात सुमारे १,३२,००० कैदी होते. त्यांतले १,१६,००० परततील असा अंदाज आधी समोरच्यांना दिला गेला, आणि एप्रिल १९५२ च्या चाचपणीनंतर आकडा आला ७०,०००. तिथेच बोलणी फिसकटली. त्यातही छावण्यांत कम्युनिस्ट आणि कम्युनिस्टविरोधी अशा दोन्ही गटांच्या कैद्यांची आपसांत दहशत असल्याने 'स्वेच्छा' कितपत खरी, ही शंका रास्तच होती. मार्च १९५३ मध्ये चीन-उत्तर कोरियाचे पाठीराखे सोव्हिएत नेते स्टालिन वारले, तेव्हा कुठे गाडी हलली.

प्रश्न : जनरल थोरात कोरियात नेमके काय करत होते? (कोल्हापूर)

परत जायला नकार देणाऱ्या कैद्यांची राखण. तोडगा असा निघाला की असे कैदी तटस्थ आयोगाकडे सोपवायचे. आयोगात स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि अध्यक्ष भारत. अध्यक्षपदी जनरल थिमय्या, तर पहारा देणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख मेजर जनरल शं. पां. पा. थोरात. दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय जवानांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला, म्हणून जहाजांवरून हेलिकॉप्टरने त्यांना थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. त्यांच्या तळाचे नाव 'हिंद नगर'.

ताब्यात आले चीन-उत्तर कोरियाच्या बाजूचे २२,६०४ कैदी आणि संयुक्त राष्ट्रांच्या बाजूचे ३५९. पद्धत अशी: कैद्याला एकेकटे तंबूत आणायचे, त्याच्या देशाचा अधिकारी त्याला समजावणार, आणि मग दोन दारे. एक मायदेशाकडे, दुसरे परत छावणीकडे. कागदावर सोपे. प्रत्यक्षात कैदी कुंपणाबाहेर यायलाच तयार नसत, आणि बळाने आणले असते तर गोळीबार अटळ होता. त्यामुळे ९० दिवसांच्या मुदतीत समजावणी झाली ती जेमतेम १० दिवस. टीका दोन्हीकडून झाली. थोरातांनी रक्तपात टाळला, यातच त्यांची कसोटी होती असे आमचे मत. शेवटी कोणत्याच कोरियात जायचे नाही म्हणणारे काही कैदी याच दलाबरोबर भारतात आले.

प्रश्न : दक्षिण कोरियाने करारावर सही केली का? (डोंबिवली)

नाही. सह्या संयुक्त राष्ट्रांच्या सेनापतींच्या, उत्तर कोरियाच्या आणि चिनी 'स्वयंसेवकां'च्या (चीनने आपले सैन्य याच नावाने पाठवले होते). ऱ्हींना लढून एकीकरण हवे होते; १८ जून १९५३ ला त्यांनी सुमारे २७,००० कैदी परस्पर सोडून करार जवळजवळ उधळलाच होता. आणि करारात समुद्रातली रेषाच नाही. पश्चिम किनाऱ्यालगतची पाच बेटे संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात राहतील, एवढेच त्यात आहे. पुढे त्यांच्या उत्तरेकडून रेषा आखली गेली, ती उत्तर कोरियाला मान्य नाही. १९९९ आणि २००२ च्या नौदल चकमकी आणि २०१० चा योनप्योंग बेटावरचा तोफमारा, सगळे याच पाण्यात.