बोटीच्या सहा सिलिंडर डिझेल इंजिनात खारं पाणी गेलं. ओव्हरहॉल (इंजिन पूर्ण खोलून दुरुस्ती) करावं की नवं घ्यावं?

उघडल्याशिवाय ठरवू नका, पण उघडायला उशीरही करू नका. ऑइल दुधाळ झालं असेल, म्हणजे त्यात पाणी मिसळलं असेल, तर स्टार्टर अजिबात मारू नका. पाण्यावर पिस्टन अडला की कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजेक्टर काढा, हाताने फिरवून पाणी बाहेर घालवा, जुनं ऑइल काढून नवं भरा. खाऱ्या पाण्याने बेअरिंग आणि क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) फार लवकर गंजतात.

मग मेस्त्रीकडून क्रँकचं मायक्रोमीटरने माप घ्या आणि ब्लॉक-हेडची प्रेशर टेस्ट करून घ्या. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगवर भागत असेल तर ओव्हरहॉलच करा. ब्लॉकला तडा असेल किंवा क्रँक शेवटच्या अंडरसाइजच्याही (घासून बारीक करता येतो त्या शेवटच्या मापाच्या) खाली गेला असेल, तर त्यात पैसा घालू नका. खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला तरी मी नवंच घेईन.

नव्याचा हिशोब मात्र पूर्ण करा: बेड (इंजिन बसतं ती बैठक), कपलिंग (इंजिन-शाफ्टचा जोड), गिअरबॉक्सचा रेशो, पंखा (प्रोपेलर), सगळं जुळावं लागतं. हॉर्सपॉवर बदलली तर नोंदणीतही बदल करावा लागेल. जून-जुलैची मासेमारी बंदी तोंडावर असेल तर हे काम तेव्हाच काढा.

आणि पाणी एक्झॉस्टमधून आलं की कूलरमधून, ते आधी शोधा. नाहीतर नव्या इंजिनातही तेच पाणी शिरेल.