पहिली नोकरी आणि तीन बँकांची खाती

घणसोलीच्या कंपनीने काढून दिलेलं पगाराचं, गावाकडचं जिल्हा बँकेतलं आणि ठाण्यातल्या सहकारी बँकेतलं. तीन पुरेत! कॅशबॅकच्या मोहात चौथं उघडू नका, आहेत त्यांना कामं वाटून द्या.

- पगाराचं खातं: भाडं, हप्ते, एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक). सगळे ऑटो-डेबिट इथूनच, पगारानंतरच्या दोन-चार दिवसांत.
- खर्चाचं: यूपीआय फक्त यालाच जोडा आणि महिन्याची ठरलेली रक्कम टाका. कुणी फसवलंच तर नुकसानही तेवढ्यापुरतंच.
- अडीअडचणीचं: याला यूपीआय नकोच.

नवखे हमखास चुकतात ते नोकरी बदलताना. पगार येणं थांबलं की ते खातं साधं बचत खातं होतं, मग काही बँकांत किमान शिल्लक नसल्याचा दंड सुरू. आधी हप्ते नव्या खात्यावर हलवा, मगच जुनं बंद करा. नुसतं सोडून दिलेलं खातं दोन वर्षांनी निष्क्रिय होतं, पुन्हा केवायसीचे हेलपाटे.

ठेवींवरचा विमा एका बँकेत व्याजासकट 5 लाखांपर्यंतच. ठाणे आणि वाशी शाखेत पैसे विभागून काही साधत नाही, बँक एकच धरतात. एफडीचं गणित पुढे कधीतरी. आज तिन्ही खात्यांना नॉमिनी लावलाय का, तेवढं बघा.